शेवटची ओळ

आमच्या घरी पेपर शेवटाकडून वाचला जायचा. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांना पूर्वेकडे एकच खिडकी होती. बाबा तिथे चहा घेऊन बसायचे, पेपर पालथा करायचे आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येणार नाही अशा टायपातल्या ओळीवर बोट ठेवायचे. मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी या ठिकाणी छापून त्या ठिकाणी प्रसिद्ध केले. मग संपादकाचं नाव, आणि पुढे फुलीच्या खुणेने, की पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. एवढं झालं की मग पान एक. आई म्हणायची, "अहो, जगात काय झालं ते तरी आधी बघा." बाबा म्हणायचे, "कोण सांगतंय ते कळू दे, मग बघतो."

त्या ओळीला पेपरातली माणसं प्रिंटलाइन म्हणतात. बाबा एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते, १९५६ पासून १९९१ पर्यंत. रात्रपाळी करून पहाटेच्या पहिल्या लोकलने ठाण्याला उतरायचे तेव्हा हाताला शाईचा आणि रॉकेलचा वास असायचा, आणि सदऱ्याच्या खिशात लाल पेन. प्रिंटलाइन तपासणं त्यांच्याकडे होतं. अग्रलेखात काना राहिला तर वाचकाचं पत्र येतं, इथे नाव चुकलं तर नोटीस येते, असं ते सांगायचे. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून ती ओळ एकदाही चुकून गेली नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, त्यांच्या निरोप समारंभात फोरमनने सांगितलं.

त्यांची एक वही होती. कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार उधारी लिहितात तशी. दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेपरात कुठेतरी आतल्या पानावर एक चौकट यायची : फॉर्म ४, नियम ८. प्रकाशनाचं ठिकाण, प्रकाशनाची मुदत, मुद्रकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता, प्रकाशकाचं तेच, संपादकाचं तेच, आणि सहाव्या कलमात मालकाचं नाव, शिवाय एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक भाग ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांची नावं आणि पत्ते. खाली प्रकाशकाची सही, की वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला, त्यातून वृत्तपत्रांचा निबंधक आला, १ जुलै १९५६ पासून, आणि त्याच्यापाठोपाठ ही चौकट. वाचकाला दर वर्षी एकदा सांगायचं, की तुमचा पेपर कुणाचा आहे. बाबा ती चौकट कापून वहीत चिकटवायचे. त्यांच्या पेपरची, त्याच घरातल्या इंग्रजी पेपरची, आणि जमेल तशी इतरांचीही. पहिलं कात्रण १९५९ चं आहे.

लहानपणी मला त्या वहीचा कंटाळा यायचा. त्यात चित्र नव्हतं, बातमी नव्हती, नुसते पत्ते.

१९८६ साली मीही त्याच धंद्यात शिरले, दुसऱ्या एका समूहाच्या मराठी दैनिकात, उपसंपादक म्हणून. तिथे पहिल्याच आठवड्यात ‘सिस्टर पब्लिकेशन’, म्हणजे त्याच मालकाचा दुसरा पेपर, हा शब्द कानावर पडला. मराठीत आम्ही ‘आमचे भावंड दैनिक’ म्हणायचो किंवा छापताना ‘सहयोगी दैनिक’. बाबांना ते बहिणीचं नातं फार आवडलं. म्हणाले, "बहिणी म्हटल्यावर थोरली कोण, धाकटी कोण, आणि कुणाचे कपडे कुणाला होतात, हेही आलं."

त्यावरून मला पेपरांच्या नावांचं वेड लागलं. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १८ जून १९६२ ला निघाला, मुंबईतल्या १८३८ सालच्या घरात. ‘बॉम्बे टाइम्स’ (आजचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’) म्हणून ३ नोव्हेंबरला सुरू झालेलं ते घर बेनेट आणि कोलमन या दोन इंग्रजांच्या नावाने चाललं, १९४६ मध्ये रामकृष्ण दालमियांकडे आलं, पुढे त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे. त्या घरातल्या पेपरांना आडनाव असतं. महाराष्ट्र टाइम्स, इकॉनॉमिक टाइम्स, नवभारत टाइम्स. पण ठाण्यात कुणी महाराष्ट्र टाइम्स द्या असं म्हणत नाही, ‘मटा’ द्या म्हणतात. आडनाव घरच्यांनी दिलं, पाळण्यातलं नाव वाचकांनी ठेवलं. ‘लोकसत्ता’ला मात्र आडनाव नाही. १४ जानेवारी १९४८ ला ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या घरात जन्मलेला हा पेपर स्वतःच्याच नावाने उभा आहे, घराचं नाव फक्त बातमीच्या डोक्यावर येतं, ‘एक्स्प्रेस वृत्तसेवा’ म्हणून.

आणि मग उलट घरं. तिथे मराठी थोरली. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ‘सकाळ’ काढला, आणि कितीतरी वर्षांनी त्याच घरातल्या इंग्रजी पेपराने नाव लावलं ‘सकाळ टाइम्स’. नागपूरच्या ‘लोकमत’च्या हिंदी आणि इंग्रजी धाकट्या बहिणी ‘लोकमत समाचार’ आणि ‘लोकमत टाइम्स’. ‘सामना’ १९८८ चा, हिंदी ‘दोपहर का सामना’ १९९३ चा. या घरांमध्ये मराठीचं आडनाव इतरांनी घेतलं. मला हे वाचताना उगीच छान वाटायचं. डेस्कवर बसून सारखं दुसऱ्याच्या मजकुराचं मराठी करणाऱ्या माणसाला ते वाटणारच.

बाबांच्या वहीतली मला सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट मात्र कात्रणात नाही, समासात आहे. त्यांनी पेन्सिलीने एक वंशावळ काढली होती, वर एकच नाव : एस. सदानंद. फ्री प्रेस वृत्तसंस्था काढणारा, मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’ काढणारा माणूस. त्याने इथे मराठी ‘नवशक्ति’ काढला, तिकडे मद्रासमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ हाती घेतला आणि १९३४ मध्ये तमिळ ‘दिनमणि’ सुरू केला. पैसा पुरला नाही. मद्रासचे दोन्ही पेपर रामनाथ गोएंकांच्या घरात गेले. म्हणजे परळच्या खोलीत ‘नवशक्ति’ वाचणारा गिरणी कामगार आणि मद्रासला ‘दिनमणि’ वाचणारा कुणी, दोघांचे पेपर एकाच माणसाने काढलेले. आणि नंतर ‘दिनमणि’ची बहीण झाली ‘लोकसत्ता’. पुढे १९९१ मध्ये गोएंका गेले आणि त्या घराचीही वाटणी झाली. दक्षिणेतलं एकीकडे, मुंबई-दिल्लीकडचं दुसरीकडे. ‘दिनमणि’ दक्षिणेला राहिला, ‘लोकसत्ता’ मुंबईच्या वाट्याला आला. बाबांनी तिथे पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत, जमिनीच्या नकाशावर हद्द दाखवतात तशा. वाटणीत भांडी जातात, जमीन जाते, हे आपण पाहिलेलं असतं. भाषा वाटून घेतलेल्या मी पहिल्यांदा त्या समासात पाहिल्या.

ठाण्याचं स्वतःचं या सगळ्यात काय, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते मला सुभाष पथावरच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन गेले. १८९३ सालची संस्था. वाचनालयात म्हातारी माणसं एकाच पेपराची पानं सुटी करून वाटून घेऊन वाचत होती, एकाकडे क्रीडा, एकाकडे अग्रलेख. बाबा हळू आवाजात सांगत होते, की याच गावातून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघायचा. रेल्वे येऊन तेराच वर्षं झाली होती. पुढे ‘हिंदुपंच’ही इथलाच. मुंबईत पेपर निघत असताना ठाण्याला आपला वेगळा पेपर हवासा वाटला, यात मला आजही मोठेपणा दिसतो. आमच्या वेळी ‘ठाणे वैभव’ होता, १९७५ चा. बाबा म्हणायचे, गावातल्या पेपराचा मालक बाजारात भेटतो. बातमी चुकली तर माणूस मंडईत हात धरून विचारू शकतो. समूहाच्या पेपराच्या मालकाचा फक्त पत्ता मिळतो, फॉर्म ४ मध्ये.

आता माझ्या डेस्कबद्दल.

आमच्या मजल्यावर मधोमध काचेची भिंत होती. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला आम्ही. सुरुवातीच्या वर्षांत त्या काचेचा धाक होता आणि अभिमानही होता. ठाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला त्यांचा वार्ताहर आणि आमचा वार्ताहर शेजारी बसायचे, एकाच लोकलने परत यायचे, आणि वाटेत बातमीचा शब्द काढायचे नाहीत. घरातल्याच पेपराला आपल्याआधी बातमी लागली तर आमचा वृत्तसंपादक दोन दिवस बोलायचा नाही. पाण्याची बातमी असेल तर इंग्रजीत यायचं की अमुक योजनेला मंजुरी मिळाली, एवढे कोटी. आमच्याकडे यायचं की कळव्याच्या कुठल्या बाजूला नळ किती वाजता येणार आणि टँकर कुणी बंद केला. दोन्ही खरं. दोघांनी सभागृहात दोन वेगळे प्रश्न विचारले म्हणून दोन्ही कागदावर आलं.

मग हळूहळू, कुणी आदेश काढल्याशिवाय, काच पातळ झाली. आधी फोटो एक झाले. मग दिल्लीची बातमी एक झाली, ते बरोबरही होतं. दिल्लीला मराठी पेपराने वेगळा माणूस ठेवायचा तर पगार कुठून आणायचा? इंग्रजीतला रविवारचा स्तंभ दोन दिवसांनी आमच्याकडे मराठीतून येऊ लागला. त्यांतले काही स्तंभ फार चांगले होते. मी मन लावून भाषांतरं केली, एका शब्दासाठी बाबांना फोन केले. मग राज्याची बातमी. शेवटी, एका वर्षी, ठाणे महापालिकेची. एक वार्ताहर, दोन पेपर. तो मुलगा हुशार होता, राबणारा होता, पण तो आधी इंग्रजीत लिहायचा, कारण तिकडची मागणी आधी यायची. माझ्याकडे ती बातमी संध्याकाळी सातला इंग्रजीतून यायची आणि मी तिचं मराठी करायचे. आमच्या ठाण्याच्या नळाची बातमी मी इंग्रजीतून मराठीत आणत होते. कळव्याची ती बाजू बातमीत नसायची, कारण मूळ मजकुरातच नसायची. मी फोन करून विचारायचे, "अरे, पाणी किती वाजता?" तो म्हणायचा, "ताई, ते विचारायचं राहिलं."

याला काटकसर म्हणतात, आणि काटकसरीशिवाय कित्येक पेपर बंद पडले असते हेही मला ठाऊक आहे. कागद महाग, जाहिरात इंटरनेटवर गेली. २००५ मध्ये मुंबईत दोन महिन्यांत दोन नवे इंग्रजी पेपर निघाले, ‘मुंबई मिरर’ आणि ‘डीएनए’, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं आता सुकाळ. ‘डीएनए’चा छापील अंक २०१९ मध्ये थांबला, ‘मिरर’चा रोजचा अंक २०२० च्या डिसेंबरात. ज्यांच्या मागे मोठी घरं उभी होती त्यांची ही गत. तेव्हा मालकाने दोन खोल्यांमधली भिंत पाडली म्हणून मी त्याला खलनायक म्हणणार नाही. पण एक प्रश्न कमी विचारला गेला, तो कुठल्या खात्यावर लिहायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचा पेपर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात छापला जायचा. ऐरोलीपासून महापेपर्यंत त्या पट्ट्यात वेगवेगळ्या समूहांचे छापखाने आले आहेत. रात्री दोनला त्या रस्त्याने गेलात तर रासायनिक कारखान्यांच्या वासात मध्येच शाईचा वास येतो आणि फाटकांतून टेम्पो बाहेर पडत असतात. आमच्या छापखान्यात मोठं यंत्र एक आणि पेपर तीन. त्यामुळे यंत्राची वेळ वाटलेली. आधी मराठीची बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती, मग मराठीची शहर आवृत्ती, मग हिंदी, आणि सगळ्यात शेवटी, प्लेटी बदलून, रीळ बदलून, इंग्रजी. सगळ्यात शेवटी छापायला मिळणं म्हणजे सगळ्यात ताजी बातमी मिळणं. आमचं पान अकराला सुटलंच पाहिजे. इंग्रजीचं एकपर्यंत चालायचं. क्रिकेटचा सामना लांबला की आमच्याकडे ‘शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा’ आणि त्यांच्याकडे निकाल. याची सवय झाली होती.

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बेकायदा उभी राहिलेली इमारत कोसळली. ती अजून बांधून पुरी व्हायची होती आणि तिच्यात माणसं राहत होती, मजूर, त्यांच्या बायका, मुलं. शेवटी ७४ माणसं गेली असं निघालं. त्या रात्री ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचा छायाचित्रकार तिथून फोन करत होता, आकडा दर अर्ध्या तासाने वाढत होता. मी पान एकवर होते. साडेदहाला मी यंत्रविभागाला फोन केला, म्हटलं आज एक तास द्या. तो गृहस्थ चांगला होता, म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर दिला असता. तुमचं उशिरा सुटलं की त्यांचं उशिरा होतं, आणि तिकडच्या जाहिरातदाराला सहाच्या आत अंक पाहिजे." अकराला मी पान सोडलं. त्या वेळी हाती होता तो आकडा घातला. इंग्रजीत एक वाजताचा आकडा गेला, कितीतरी मोठा.

सकाळी मी घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी होते. ऐंशी वर्षांचे. आमच्याकडे माझे दोन्ही पेपर यायचे, मराठी आणि इंग्रजी, कर्मचारी म्हणून. त्यांनी दोन्हींची पहिली पानं शेजारी शेजारी पसरून ठेवली होती आणि दोन्ही आकड्यांभोवती लाल पेनने गोल केले होते. मुद्रितशोधक शंका आली की करतो तसे. मला म्हणाले, "यातलं शुद्ध कुठलं?"

मी यंत्र सांगितलं, वेळ सांगितली, प्लेटी सांगितल्या. त्यांना यातलं काय माहीत नव्हतं? त्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुंब्र्याला, दिव्याला, कळव्याला इंग्रजीचे किती अंक जातात?"

मी आकडा सांगितला नाही. त्यांना तो अंदाजाने माहीत होता.

मी त्या आठवड्यात वर जाऊन बोलले. एरवी मी भांडणारी नाही, पण त्या वेळी बोलले. मला नीट ऐकून घेतलं गेलं, हे सांगायला हवं. आणीबाणीच्या रात्री ठाण्यापुरती एक प्लेट उशिरा बदलायची, असं ठरलं. दीड महिना ते चाललं. मग पावसाळा आला, जादा पुरवण्या आल्या, आणि ते मागे पडलं. बंद करतोय असं कुणी म्हणालं नाही.

त्यानंतर मी बाबांच्या वहीकडे पहिल्यांदा नीट बसून पाहिलं. त्यात १९७२ चं एक मोठं कात्रण घडी घालून ठेवलं होतं. ३० ऑक्टोबर १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, बेनेट कोलमन विरुद्ध भारत सरकार. त्या रात्री त्याची मुद्रितं त्यांनी तपासली होती. परदेशातून येणारा कागद सरकार वाटून द्यायचं, आणि त्या वर्षीच्या धोरणात म्हटलं होतं की पेपराने दहा पानांवर जायचं नाही. आणि एकाच मालकाचे दोन किंवा जास्त पेपर असतील तर त्यांनी एकीच्या वाट्याचा कागद दुसरीला द्यायचा नाही, वाट्यातल्या कागदात नवा पेपरही काढायचा नाही. बहिणींनी एकमेकींचे कपडे घालायचे नाहीत, असा सरळ कायदा. न्यायालयाने ते चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केलं. त्याआधी १९६१ मध्ये ‘सकाळ’च्या खटल्यात किमतीवरून पानं ठरवायचा सरकारी आदेशही असाच गेला होता. बाबांनी समासात लिहिलंय, ‘योग्य. सरकारने पाने मोजू नयेत.’ आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर कधीतरी : ‘न्या. मॅथ्यू पुन्हा वाचणे.’

वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू. बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे मोजक्या मालकांना हवं तेवढं छापण्याची मोकळीक एवढंच नाही, निरनिराळे आवाज लोकांपर्यंत पोचणं हाही त्याचाच भाग, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पुढे दुसऱ्या प्रेस आयोगाचे तेच अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात त्या आयोगाने सांगितलं की पेपर आणि मालकाचे इतर धंदे वेगळे करा. ते झालं नाही. २०१४ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेनेही माध्यमांच्या मालकीवर शिफारशी केल्या. त्यांचाही कायदा झाला नाही.

माझं मत बाबांच्या दोन्ही शाईंसारखंच दुभंगलेलं आहे. सरकारने कुणाची पानं मोजू नयेत, कुणाला किती बहिणी असाव्यात हेही ठरवू नये. ते हत्यार कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि १९७५ ने ते दाखवलं. पण आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले तेव्हा वर्षभरात त्यांना ‘सुधारक’ काढता आला. १८८८ साली मतभेदाची किंमत एक हातयंत्र, काही खोके छपाईचे खिळे आणि झिजलेली तब्येत एवढी होती. आज ऐरोलीतलं एक यंत्र उभं करायचं तर कित्येक कोटी लागतात, आणि ज्याच्याकडे ते कोटी आहेत त्याच्याकडे बहुधा आधीपासून तीन पेपर आहेत. तेव्हा आवाज वेगळे राहायचे तर ते एकाच घराच्या आत वेगळे राहायला हवेत. ती काचेची भिंत मला त्यासाठी हवी होती. मालकी एक असू दे, सभागृहात खुर्च्या दोन हव्यात.

आमच्या पेपरवाल्या दादांना हे सगळं फॉर्म ४ न वाचता कळतं. पहाटे चारला ठाणे स्टेशनबाहेर पश्चिमेला गठ्ठे उतरतात, तिथे ते मांडी घालून पुरवण्या घालत बसलेले असतात, बोटांना रबरी टोप्या. मी निवृत्त झाले त्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदी उठल्यावर एक दिवस मुद्दाम तिथे गेले. कुठला पेपर कुणाचा हे कसं ओळखता, विचारलं. ते म्हणाले, "टेम्पोवरून. एका टेम्पोतून उतरले ते एका घरातले. बिल पण एकच येतं." मग त्यांनी दाखवलं, इंग्रजीबरोबर मराठी जोडीने घेतला तर गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो, म्हणून कित्येक घरांत दोन्ही जातात. "पण ताई, मराठीचीच घडी मोडलेली असते. रद्दी उचलायला गेलं की कळतं ना. इंग्रजी कोरा असतो बऱ्याच ठिकाणी." ते हे सहज बोलले, पुढच्या गठ्ठ्याची सुतळी कापता कापता. मी तिथे पायरीवर बसून राहिले, उजाडेपर्यंत.

१८६७ चा तो पीआरबी कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. नवा कायदा आला, निबंधकाच्या खुर्चीचं नावही बदललं. बाबा असते तर त्यांनी प्रिंटलाइनीतला शब्द कधी बदलतो यावर रोज सकाळी पहारा ठेवला असता.

ते २०१७ मध्ये गेले. वही माझ्याकडे आली. त्यांच्यानंतर मी मार्चची कात्रणं चिकटवत राहिले, त्यांच्याइतकी नीट नाही, माझ्या हातून डिंक बाहेर येतो. परवा जुनी पानं चाळताना दोन पानं एकमेकांना चिकटलेली आढळली. मी वाफेवर धरून ती सोडवली. आत फॉर्म नव्हता. वहीत एप्रिलचं कात्रण असायचं काही कारण नाही, पण ते एप्रिलचं होतं. ५ एप्रिल २०१३. आमच्या मराठीतली बातमी डावीकडे, इंग्रजीतली उजवीकडे, दोन्ही आकड्यांना लाल गोल. मी त्या दिवशी पाहिलेले तेच. मला वाटलं होतं ते अंक रद्दीत गेले.

त्याखाली त्यांनी दोन्ही पेपरांच्या प्रिंटलाइनी कापून एकाखाली एक चिकटवल्या आहेत. मालकाचं नाव तेच. मुद्रकाचं नाव तेच. छापल्याचं ठिकाण तेच, भूखंडाच्या क्रमांकासकट. त्या दोन ओळींवर लाल पेनाची एकही खूण नाही.